कापड्याच्या वाडीतला रक्तदाबाचा प्रयोग

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता डॉक्टरी शिकायला लागली. परवा फोनवर तिने विचारले, "आजी, संशोधनासाठी तुमच्याकडची माणसं तयार होतात का गं?" फोनवर हे नीट सांगता येत नाही आणि तुम्हाला मराठी अजून वाचता येते, म्हणून आजच लिहायला बसले.

हल्ली एमडी करणाऱ्या डॉक्टरांना शिक्षणाचाच भाग म्हणून काही महिने मोठे कॉलेज सोडून जिल्ह्यात काम करावे लागते. तशी एक मुलगी पोलादपूरला आली आणि महाडला आमच्या वरच्या खोलीत राहिली. ती केरळची होती. मराठी वॉर्डात ऐकून आणि शब्दकोशातून शिकलेली, त्यामुळे व्याकरण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध. तिचा प्रबंध रक्तदाबावर होता. दाबाची गोळी लोक मधेच सोडतात. शेजारच्या कोणी रोज आठवण करून दिली तर गोळी चालू राहते का, हे तिला पाहायचे होते. निम्म्यांना आठवण करायची, निम्म्यांना नाही, आणि कोण कुठे ते चिठ्ठी काढून ठरवायचे. पण कापड्याच्या वरच्या वाडीत तिने पहिली सभा घेतली तेव्हा दोघेच आले, तेही रस्ता चुकून. ती परत जायच्या आत माणसे मिळाली नाहीत तर विषय बदलावा लागणार होता आणि परीक्षा वर्षभर पुढे जाणार होती. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या खेपेला तिने स्वतः घरोघर जाऊन सांगितले, "रविवारी देवळात प्रयोग आहे. सर्वांनी यावे." कोणीतरी विचारले, "विषय काय?" ती म्हणाली, "रक्तदाब."

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. सभामंडप भरला होता. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून बसल्या होत्या. मुंबईहून दोन कुटुंबे मुद्दाम आली होती. एकाने पेटी आणून ठेवली होती. डॉक्टरीण हरखून गेली. मला मात्र पेटी पाहून शंका आली.

"बाई, पडदा नाय लावलात?" पुढच्या म्हातारीने मला विचारले.

"कसला पडदा?"

"नाटकाचा गो. रक्तदाब म्हंजे सासूसुनेचंच असनार."

मी इंग्रजीत डॉक्टरणीला प्रयोगाचा दुसरा अर्थ सांगितला. तिचा चेहरा पडला. आता सगळे उठणार, असे तिला वाटले. मी म्हटले, "माणसं नाटकाला आलीत, तर नाटक दाखवू. मी पेशंट होते."

मग मी कण्हत कण्हत तिच्यासमोर जाऊन बसले. तिने दाब मोजला, अभ्यास काय आहे ते समजावले. मी मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारले. मंडपातूनही प्रश्न आले. एक बाई म्हणाली, "ह्यांची चिठ्ठी आठवनीची निघू दे. ह्यांना जेवल्याचं पन आठवत नाय."

तिचा नवरा शांतपणे म्हणाला, "तू आठवन करतेस म्हनून तर दाब वाढला."

हशा ओसरल्यावर मागून एका आजोबांनी विचारले, "आनि मधेच उठून गेलो तर?"

"जाऊ शकता," ती म्हणाली. "कारण सांगायची गरज नाही. गोळ्या आणि तपासणी बंद होणार नाही."

आजोबा उठले. काठी टेकत, चप्पल घालून बाहेर पडले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती हात जोडून म्हणाली, "सावकाश जा, आजोबा. पण आज दाब मोजलेला नाही. घरी येऊन मोजू का?"

आजोबा पायरीवर थांबले, परत आले आणि आपल्या जागी बसले. "बघत होतो," ते म्हणाले. "आता घाला माजं नाव."

त्यांच्यामागे बाकीचे आले. काही जण नको म्हणाले, तर त्यांचाही दाब तिने तितक्याच मनापासून मोजला. पेटी आणलीच होती म्हणून शेवटी बायकांनी गाणी म्हटली आणि डॉक्टरणीला मधे ओढून फेर धरायला लावला. आमच्या काळी डॉक्टर म्हणत, "घ्या," आणि आम्ही घेत असू. आता समोरच्याला नाही म्हणू द्यायचे, हेही त्यांना शिकावे लागते. ते तिच्या अंगी किती मुरले आहे, हे मी त्या दिवशी पाहिले.

प्रबंध वेळेत पुरा झाला, ती परीक्षा पास होऊन केरळला गेली. दाब मोजायचे यंत्र तिने वाडीला दिले. आजही दर महिन्याच्या एका रविवारी सभामंडपात सगळ्यांचा दाब मोजला जातो, आणि तो वाडीतलीच एक सून मोजते.