लॉरीचा खोकला

आमचे हे पोलादपुरात लॉरी चालवायचे. थंडीत सकाळी हँडल मारून ती सुरू केली, की लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला नि दुसरं कानाला लावून ऐकत बसायचे. "टकटक हाय, पण गरम झाली की थांबेल," असं इतक्या मायेनं म्हणायचे, की मला ती लॉरी सवतच वाटायची. मी आठ दिवस खोकत होते, ते यांना ऐकू आलं नाय!

एकदा त्यांनी हँडलला हात लावायच्या आधीच मी दांडकं हिसकावलं नि छातीला लावलं. "आता माझंपण ऐका."

मला वाटलं, हसतील. पण त्यांनी खरंच कान लावला. मग रेडिएटरात ओतायला तापवलेलं पाणी तांब्यात घेऊन म्हणाले, "आधी तू पी गो. ती थांबेल."