शिवरामची झील

गोटीराम कोळेकर तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहतोय. मूळचा माण तालुक्यातला धनगर. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं चालता चालता ओव्या शिकला. मार्केटात ट्रक उशिरा लागला की अजूनही कानावर हात ठेवून सुरू होतो. ओळीचा शेवट झेलायला, म्हणजे झील धरायला, कायम शिवराम. एकाच गावचे, एकाच टोळीतले.

गेल्या वर्षी शिवरामला अर्धांगाचा झटका आला. अंग थोडंफार सावरलं, वाचा मात्र गेली. गोटीराम दर रविवारी कोपरखैरण्याला त्याच्या घरी जायचा आणि दोघांच्या वाटचं एकटाच बोलायचा.

फेब्रुवारीत नेरूळच्या मैदानावर धनगरी लोकसंगीताचा महोत्सव ठरला. नावं लिहून घ्यायला उत्कर्षा नावाची मुलगी होती.

"काका, साथीला कोण?"

"शिवराम. पण वाचा गेलीया त्याची."

"बोलता येत नाही त्यांना? टेन्शन नको, मी दुसरं कोणीतरी देते."

"नुसता शेजारी बसू दे की. त्याच्याबिगर मला सूर घावत न्हाई."

त्या दिवशी गोटीरामनं स्वतः शिवरामला पटका बांधला, रिक्षानं आणलं, स्टेजवर खुर्चीत बसवलं. ढोल थांबले. गोटीरामनं ओवी उचलली, "मेंढरं निघाली घाटाखाली..." आणि सवयीनं थांबला. झील धरायला कुणी नाही, हे थांबल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"घाटाखाली गाऽ जीऽ!"

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. गोटीरामनं वळून पाहिलं. सगळ्यात जास्त दचकला होता तो शिवरामच. पहिल्या रांगेत त्याची बायको वेणूबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. गोटीरामनं घाईघाईनं पुढची ओळ टाकली, शिवरामनं तीही झेलली. ठरलेली सात मिनिटं उलटून गेली, तरी उत्कर्षानं त्यांना थांबवलं नाही.

खाली उतरल्यावर गोटीराम म्हणाला, "आता बोल की लेका!" शिवरामच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. गोटीरामचा चेहरा उतरला.

वेणूबाईनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कधी कधी बोलणं अडतं, पण गाणं शाबूत राहतं. गाऊनच बोलायला लावा."

आता गोटीराम रविवारी गेला की चालीतच विचारतो, "शिवरामा, तुला काय हवं गाऽ?"

शिवराम डोळे मिटून सूर जुळवतो. "च्याऽ जीऽ... गोड च्याऽ!"

"साखर बंद हाय तुमची गाऽ जीऽ!" आतून वेणूबाई झील देते.