एका खड्ड्याचा कौल

अमुक डोंगरात लोखंड सापडलं असं छापलेलं वाचताना, साहेबाला त्या डोंगरापर्यंत नेलं कोणी, हे तुम्ही कधी विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. मी जोगेश्वरीला राहायचो आणि अंधेरीला एका खाण कंपनीच्या कचेरीत नकाशे गिरवायचो. चळवळीची पत्रकं वाचून वाढलो होतो. देशाला पोलाद हवं, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. म्हणून कंपनीचा भूशास्त्रज्ञ आमच्या कोकणातल्या गावाकडे निघाला तेव्हा मीच काकांना पत्र लिहिलं: साहेबांना डोंगर दाखवा.

काकांनी दाखवला. एस्टी थांबते तिथून दीड दिवसाची चाल. माथ्यावरचे काळे, जड दगड गुराख्यांना ठाऊक होतेच. काकांनी त्यातला एक साहेबाच्या हातात दिला. पण डोंगर देवाचा. खणायचं तर कौल हवा. डोंगरावरच्या देवळात पुजाऱ्यानं देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि काकांनी गावासमोर विचारलं, "एक खड्डो मारूक दे?" उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. साहेबानंही मान डोलावली. छातीइतका खड्डा खणला, दगड पोत्यात भरून मुंबईला आले.

पुढच्या हिवाळ्यात तिथं खड्ड्यांची रांग लागली. मग जमिनीत भोक पाडायचं यंत्र सुटं करून माणसांच्या खांद्यावरून वर नेलं. माथ्यावर लोखंड थोडंच होतं. खरा साठा देवळाखाली निघाला. ती प्रत्येक खूण मी शाईनं गिरवली.

काका जोगेश्वरीला आले ते चपला न काढता दारातच बसले.

"गाव म्हणता, मी देवाक फसवलंय. कौल एकाच खड्ड्याचो होतो रे. तुझ्या कचेरीत तेवढा लिवून घाल."

"काका, कंपनीच्या कागदात देव नसतो."

"मगे माझो शब्द तरी घाल."

अहवालात 'शोधाचा इतिहास' असं एक पान होतं. त्यात साठा साहेबाला पाहणीत आढळला, एवढंच. मी नकाशाच्या कडेला लिहिलं: 'गावाची संमती पहिल्या खड्ड्यापुरती.' आमच्या मुख्य आरेखकानं ब्लेड घेतलं आणि शाई खरवडून काढली.

"नकाशा आहे हा, तुझं पत्रक नाही. उद्या यायचंय ना कामावर?"

राजीनाम्याची भाषा मला तोंडपाठ होती. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो आणि देवळाकडे जाणारा ट्रकचा रस्ता गिरवला.

त्या वर्षी पालखीला खांदा द्यायला काकांना कोणी बोलावलं नाही. ते अंगणात उभे राहिले, पालखी पुढे गेली. मी शेजारीच होतो.

तुमच्या गावचा डोंगर कोणी खणत असेल, तर या सुट्टीत तिकडे जा. पहिला दगड दाखवणारा माणूस शोधा. त्यानं किती मोकळीक दिली होती ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि चार गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. तो हयात आहे तोवर.