भुयाराच्या दारावरचा हार

डोमाने नोकरीभर मँगनीजच्या खाणीत वेल्डिंग केलं. ट्रॉल्यांचे सांगाडे, शिड्या, पाण्याचे पाइप. त्यातल्या कशालाही कोणी कधी हार घातला नाही. घालायचं कारणही नव्हतं. शिडी मोडत नाही, एवढीच तिची दखल.

निवृत्तीनंतर त्याला एकच काम मिळालं, ते वटवाघळांचं. गावामागच्या टेकडीत बंद खाणीचं एक आडवं भुयार होतं. त्यात नाकावर पानासारखी घडी असलेली लहान वटवाघळं राहत. ही जात आता फार थोडी उरली आहे, असं त्यांचा अभ्यास करायला नागपूरहून आलेली तृप्ती सांगायची. खाणवाले म्हणायचे, आत गुरं शिरतात, माणसं शिरतात, कोणी मेलं तर आमच्यावर येईल, मुरूम टाकून तोंड बुजवू. शेवटी ठरलं की तोंडाला लोखंडी दार बसवायचं. त्यातून वटवाघळं बाहेर पडली तर भुयार राहील. नाही पडली तर मुरमाचे टिप्पर खाली भरून उभेच होते.

"काका, गज उभे नको, आडवे पाहिजेत," तृप्तीने सांगितलं. "त्यांचे पंख आडवे पसरतात."

डोमाने आडवे लावले. दोन गजांत जागा अशी ठेवली, की माणसाचं डोकं जाणार नाही आणि पंख घासणार नाहीत. प्रत्येक सांधा घासून गुळगुळीत केला. त्याची बायको धुरपता डबा घेऊन टेकडीवर आली आणि बघत राहिली.

"आपल्या घरच्या फाटकाले तं तार गुंडाळून ठेवली तुमी. चमगादडाईले पॉलिश काहून?"

"आपल्या फाटकातून कोणी उडत नाही," डोमा म्हणाला.

शेवटचा गज बसला त्याच संध्याकाळी उद्घाटन होतं. वटवाघळं बाहेर पडताना खाणीच्या साहेबांना दाखवायची होती. तृप्ती त्यांना वाट दाखवायला खाली डांबरी रस्त्यावर गेली. सरपंच शकुंतलाबाई टोपलीभर झेंडूच्या माळा घेऊन वर आल्या. माळा वरच्या गजापासून खालपर्यंत सोडल्या. मध्ये लाल फीत. डोमाला वाटलं, हे काही बरं नाही. पण त्याच्या कामावर हार पहिल्यांदाच पडत होता. एक तिरपी माळ सरळ करून त्याने तारेने आवळून बांधली.

दिवस बुडाला. साहेब आले नाहीत. वटवाघळं वेळेवर आली. दारापर्यंत येत आणि वळून आत जात. पुन्हा येत, पुन्हा वळत.

डोमाला वाटलं, गजांचं अंतर चुकलं. त्याने पंजा घालून वरपासून खालपर्यंत मोजलं. अंतर बरोबर होतं. हाताला लागत होता तो झेंडू.

त्याने पहिली माळ ओढून तोडली.

"अवो डोमाभाऊ, हार काहून तोडून राहिले?" शकुंतलाबाई धावल्या. "सायबाची गाडी आली न पायथ्याशी!"

"चमगादडं सायबाच्या आंधी आली, बाई."

"मंग थांबवा न त्यायले जराशीक!"

"तुमीच सांगा. सरपंच तुमी हा."

बाईंनी भुयाराकडे पाहिलं. मग टोपली पुढे केली. डोमा माळा काढून तीत टाकत गेला. सगळ्यात चिवट निघाली ती त्यानेच बांधलेली. तार बोटात शिरली. शेवटी त्याने ती पक्कडीने तोडली आणि त्याच पक्कडीने फीतही.

दोघं बाजूला झाले. एक वटवाघूळ गजांमधून सुळकन बाहेर आलं. मग दोन. मग मोजता येईनात इतकी. एकाचाही पंख लोखंडाला लागला नाही. डोमा वटवाघळांकडे कमी आणि सांध्यांकडे जास्त पाहत होता.

तृप्तीबरोबर साहेब धापा टाकत वर पोचले.

"उद्घाटन झालं?"

"झालं, सायेब," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"कोणाच्या हस्ते?"

त्यांनी डोमाकडे पाहिलं.

"पक्कडीनं झालं," डोमा म्हणाला.

साहेब बराच वेळ वर बघत उभे राहिले. मग त्यांनी फोन लावला आणि मुरमाचे टिप्पर परत न्यायला सांगितलं.

शकुंतलाबाईंचा राग मात्र दसऱ्यापर्यंत टिकला. दसऱ्याला हार कुठे घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता. डोमाने खाली पायवाटेवर दोन जुने पाइप रोवले आणि वर एक गज टाकला. सांधे घासले नाहीत. दुपारी बायांनी त्यावर झेंडू चढवला, नारळ फोडला. प्रसाद घेऊन डोमा एकटाच वर चढला आणि दाराच्या गजांवर कोळ्याने जाळं केलंय का, ते बघून आला.