नैऋत्येची खिडकी

उस्मानपुऱ्यातलं आमचं घर रांगेतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. वारा यायला-जायला जागा दोनच, पुढचं दार आणि मागं स्वयंपाकघरात ओट्याशेजारची खिडकी. उन्हाळ्यात दिवसभर दोन्ही बंद ठेवायचो. ऊन कललं, झळा थांबल्या की दोन्ही उघडायचो. मग पश्चिमेचं वारं खिडकीतून शिरायचं ते थेट पुढच्या दारानं बाहेर. मागच्या बोळात बादलीभर पाणी शिंपडलेलं असलं तर काय विचारता! पोळ्या लाटताना मानेवरचा घाम वाळल्याचं कळायचं.

ती खिडकी आता नाही. ह्यांची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी गेली, त्या साली ती बुजवली. घरी बसून माणूस नुसता सुकत चालला होता. कुणीतरी वास्तूवाल्याला घेऊन आलं. त्यानं होकायंत्र धरून घरभर फेरी मारली, ओट्यापाशी थांबला आणि म्हणाला, "नैऋत्येला खिडकी? अहो, घरातलं सगळं इथूनच निघून चाललंय!" वारं तेवढं निघून चाललंय बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण ह्यांचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. विटा आल्या, गिलावा झाला. निदान एक्झॉस्टपुरतं भोक ठेवू म्हटलं, तर तेही नको.

आणि बघा, पावसाळा सरायच्या आत ह्यांना दुसरीकडं नोकरी लागली. पहिलीपेक्षा बरी. झालं! त्या दिवसापासून त्या भिंतीला देवपण आलं.

मला मात्र त्या देवाच्या पुढ्यात रोज स्वयंपाक करावा लागतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती ऊब आमच्या डोक्यावर सोडतो. फोडणीचा खाट घरातच फिरत राहतो, सगळे खोकतात. पुढच्या दारात कूलर लावला. पण कूलरच्या हवेला दुसरीकडून बाहेर पडायला वाट लागते, ती कुठून आणायची? चार दिवसांत मीठ ओलं झालं, पापड मऊ पडले, चादरी अंगाला चिकटायला लागल्या. हे म्हणाले, "पाणी कमी सोडत जा."

दर उन्हाळ्यात मी विचारायची, "अहो, उघडायची का खिडकी?"

"अगं, पर्मनंट तर होऊ दे." ते झालं. मग पोरीची बारावी होऊ दे. मग तिचं इंजिनिअरिंग. घरात कायम काहीतरी व्हायचंच असतं. भांडून भांडून शेवटी मी विचारणंच सोडलं. खरं सांगते, थकले मी. ओट्यापाशी उभं राहायचं नुसतं मनात आलं तरी नको वाटायचं.

यंदा भाकरी थापता थापता डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर पडले होते, हे शेजारी बसून वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते. "तुला काय झालं तर नोकरी घेऊन काय करू मी?" म्हणाले. "फोडून टाकू." इतक्या वर्षांनी! मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आला. ओट्यावरचे डबे मी स्वतः काढून दिले. त्यानं भिंतीवर टिचक्या मारून जुन्या खिडकीची जागा शोधली, खडूनं चौकट आखली, छिन्नी टेकवली. तेवढ्यात पोरगी आतून कपड्यांना इस्त्री करून आली. तिची मुलाखत उद्यावर आली होती. डिग्री घेऊन घरी बसल्याला लई दिवस झाले होते. कितीतरी ठिकाणांहून नाय म्हणून आलेलं. अलीकडं ती जेवताना मान वर करत नव्हती. नोकरी गेल्यावर हे बसायचे तशीच बसायची.

"थांबा," मी म्हणाले.

मिस्त्रीनं वळून बघितलं. "क्या करने का भाभी, फोडूं के नको?"

"आज नको."

मला तर वाटतं, ह्यांना हायसंच वाटलं असेल. पोरगी मात्र उसळली. "आई, तुला तरी पटतं का हे?"

"नाय पटत. कधीच पटलं नाय."

"मग? फोडू दे ना त्यांना! परत चक्कर आली म्हणजे?"

"आली तर दारात जाऊन बसेन," मी म्हणाले. "तुझी नोकरी लागू दे आधी."

मिस्त्रीनं छिन्नी पिशवीत टाकली. मी त्याच्यासाठी चहा ठेवला आणि डबे एकेक करून परत ओट्यावर मांडले.