वहीत नसलेलं नाव

छातीत गाठ हाताला लागली आणि तीन आठवडे मी कुणाला सांगितलंच नाही. आमच्या घरात बी.कॉम. झालेली पहिली मीच. दवाखान्याचे कागद, बँकेचे अर्ज, सगळ्यांना मीच वाचून समजावते. त्यामुळे ‘मला भीती वाटते’ असं बोलायची सवयच नव्हती. प्रार्थनेला बसले तरी ‘प्रभू, तुझी इच्छा’ एवढं तोंडातून निघायचं नाही. त्याची इच्छा काय असेल, याचीच तर धास्ती होती.

आमची दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. ज्याला जे मागायचं ते तो सांगतो, मी वहीत लिहिते आणि मोठ्यानं वाचते. विनंती पुरी झाली की लाल पेनानं खूण करते. खरं सांगते, या कामाचा मला अभिमान आहे. त्या गुरुवारी सभा शांतामावशींकडे होती. मावशी एमआयडीसीत टॉवेलचे दोरे कापतात. वाचता येत नाही, पण वहीतली सगळी नावं त्यांना पाठ.

सभा संपून मी निघाले, तर त्यांनी ओढणी धरली. “दोन वर्सं वही लिवतीस, तुजं नाव एकदाबी आलं न्हाय.”

“मला काय झालंय, मावशी?”

“ते तूच सांग की. का बीकॉमवाल्यांना देव लागत न्हाय?”

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. मावशींनी उपदेश केला नाही. “बस हितं. लिव,” म्हणाल्या. मी सगळ्यांच्या शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. त्या गुडघ्यावर बसल्या. “येशूबाबा, पोरगी लई भ्यालीया. मी जाते संगं, पर मला विंग्रजी येत न्हाय. डॉक्टरशी तू बोल.”

दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून त्या सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात आल्या. तपासणीसाठी गाठीत सुई टोचताना त्यांनी माझा हात धरला होता, दोरे कापून घट्टे पडलेल्या हातानं. तेव्हा मी मनात म्हटलं, ‘प्रभू, तुझी इच्छा.’ आणि ते खरंच म्हटलं. रिपोर्ट यायला अजून चार दिवस होते.

गाठ साधी निघाली. पुढच्या गुरुवारी मी लाल पेन काढलं, तशा मावशी म्हणाल्या, “खूण नगं. नाव ऱ्हाऊ दे. परत भ्यालीस तर लिवायला लाजशील.”

अजून दर गुरुवारी शेवटी मी माझं नाव वाचते.