ट्रॉली सावलीत, प्लेट उन्हात

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बॅटरीत पाणी घालत होतो. गेवराईत रोडला माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं छोटं दुकान आहे. सकाळी अकराच्या सुमाराला दाजींचा फोन म्हणजे सोलर प्लेटची काहीतरी तक्रार, हे तीन सीझनमध्ये इतकं अंगवळणी पडलं होतं की मी फोन उचलला तोच वैतागून. म्हटलं, "बोला दाजी, आता काय बिघडलं?" पलीकडून दाजी म्हणाले, "बाळू, काय बिघडलं न्हाई. तुझी आक्का गेली." सकाळी पाणी भरून आली, भाकरी थापल्या, बाजेवर जरा टेकली ती टेकलीच. मी फोन खाली ठेवला आणि हातातली बॅटरी आधी काठोकाठ भरली, बुचं घट्ट लावली, फडक्याने पुसली आणि मग शटर ओढलं. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. त्याला आता सात आठवडे होतील. 'आता काय बिघडलं' हे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई दुसऱ्याच्या रानात जायची म्हणून मला कडेवर घेऊन वाढवलं ते तिनेच. उमापूरजवळच्या एका गावात तिला दिली आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ती दाजींबरोबर ऊसतोडीला जायला लागली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मोळी डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून गाडीत चढते. वीस-बावीस वर्षं फळी चढून आक्काचे गुडघे गेले आणि उसाच्या वाळल्या पाचटाची धूळ खाऊन दाजींची छाती गेली. छातीचं आधी दिसलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की ऊसतोड बंद म्हणजे बंद, आणि सकाळी आठला आणि दुपारी चारला मशीनवर औषधाची वाफ घ्यायची. मी म्हटलं, दोघं माझ्याकडे येऊन राहा. आक्का म्हणाली, "तुझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकाची तोंडं बघू का?" खरं कारण मला माहीत होतं. दिवाळीनंतर त्यांच्या गावात म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं. तिला टोळीची, माणसांची सवय. टोळी नेणाऱ्या मुकादमाने तोडगा काढला: आक्काने ठेपीवर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, थांबून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, लेकरं सांभाळायची आणि आजारी नवऱ्याचं बघायचं. नवरा आजारी आहे तोवर तिला कोयत्यातून सूट. ही अट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

अडचण एकच, ठेपीवर लाइट नाही आणि मशीनला लाइट लागते. मग मी पुढे झालो. मुकादमाकडे एक जुनी ट्रॉली गंजत पडली होती. तिच्यावर लोखंडी कमानी मारल्या, पत्रा चढवला, आत खाट, एक बल्ब, एक बारका पंखा, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. छतावर सोलर प्लेट, आठ नटबोल्टांनी आवळलेली, वादळ आलं तरी हलणार नाही अशी. ट्रॅक्टरच्या मागे जोडली की चाललं घर. निघायच्या दिवशी मी सगळ्या टोळीला गोळा करून दाखवलं की आता हिच्याकडे बघायचंसुद्धा काम नाही. आक्का म्हणाली, "इंजनेर झाला गं माझा भाऊ." मीही लई फुगलो.

चौथ्या दिवशी आक्काचा फोन. बॅटरीवरचा लाल दिवा लागलाय आणि दाजींची चारची वाफ हुकली. मी विचारलं, ट्रॉली कुठे उभी आहे? तर म्हणे लिंबाखाली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, अगं सोलर आहे ते, सावलीत कसं चालेल, ट्रॉली उन्हात घे. ती शांतपणे म्हणाली, "पत्र्याची खोली हाय बाळू. उनात लावली तर तुझे दाजी आत भाजायलेत. तू ट्रॉली प्लेटीला सांभाळायला दिली का माणसाला?" मी पंधरा मिनिटं करंट आणि व्होल्टेज समजावलं. तिने फोन ठेवून दिला, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडून पाना मागितला, माझे आठच्या आठ बोल्ट सोडवले, प्लेट खाली उतरवली आणि उन्हात एका बाजेला टेकवून ठेवली. जुन्या वायरीचा तुकडा जोडून दिला. ट्रॉली सावलीत, प्लेट उन्हात. मला कळलं तेव्हा दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. माझ्या कामाची वाट लावली, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या उमगलं की घराला सावली लागते आणि प्लेटीला ऊन, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं बॅटऱ्यांत घालवूनही मला सुचली नव्हती. मग गुपचूप जाड तांब्याची लांब वायर पाठवून दिली. माफी मात्र मागितली नाही. भावाबहिणीत कुठे मागतात?

तीही काही जन्मतः हुशार नव्हती हं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा रड, बॅटरी भरेना. ऊन आहे? आहे. वायर नीट? नीट. प्लेटीवर काही पडलंय का? "काय न्हाई, मिरच्या हायेत." मी कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, काच चांगली तापते, मिरच्या छान वाळायल्यात, म्हणजे ऊन तर लागतंयच की. कोपऱ्यावर हाताएवढी सावली पडली तरी सगळी प्लेट मार खाते, हे तिला सांगितलं. ते मात्र तिने जन्मात विसरलं नाही. एकदा मी तिकडे गेलो तेव्हा बघतच राहिलो. सकाळी प्लेट उगवतीला, मग दर तासाला उचलून थोडी फिरवायची, उसाची सावली सरकत आली की आणखी पुढे न्यायची. थंडीत सूर्य खाली असतो म्हणून बाज जास्त उभी करायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुरडया वाळवताना सूप कसं धरायचं तेच इथे, म्हणाली. कारखान्याच्या धुराड्यातून काळी काजळी पडायची, ती सकाळी गार काचेवरच पुसायची, तापलेल्या काचेला पाणी लावायचं नाही. टोळीचे पंधरा-वीस फोन तिच्याकडे चार्जिंगला यायचे. नियम एकच, आधी दाजींची वाफ, मग फोन. मुकादमाचा फोनसुद्धा चारच्या आत तिने कधी लावून घेतला नाही. "इथं साहेब मी हाय," असं त्याला तोंडावर म्हणायची आणि तो बापडा हसत परत जायचा.

पहिला सीझन संपला आणि उन्हाळ्यात दाजींना डॉक्टरांकडे नेलं. दाजी बाहेर बाकड्यावर बसले होते. डॉक्टर आक्काला आणि मला म्हणाले, छाती छान सुधारली, आता रोज तोंडाने ओढायचा पंप पुरे, मशीनची गरज नाही. फक्त त्या धुळीत पुन्हा कोयता धरला तर वर्षभरात होते तिथे येतील. मला आनंद झाला. आक्का खाली आली, माझ्या गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, "ह्यांला सांगू नको."

"अगं, का?"

"बरा झालो असं कळलं की हे दसऱ्याला कोयत्याला धार लावतेत. तुला तुझे दाजी म्हाईत न्हाईत का? आन् मग मी काय करू?"

ती परत वर गेली आणि डॉक्टरांना विचारून आली. मशीनमध्ये नुसतं सलाईन टाकलं तर अपाय नाही, म्हणाले. "मला खोटं बोलायला लावतेस?" मी म्हटलं. "तू कुठं बोलायलास? तू नुसता गप ऱ्हा आन् कुप्या आणून दे." तेव्हापासून दोन सीझन मी सलाईनच्या कुप्या पाठवत होतो आणि आक्का आठला आणि चारला, घड्याळ लावून, दाजींना खाऱ्या पाण्याची वाफ देत होती. त्या पाण्यासाठी दिवसभर प्लेट फिरवत होती.

शेवटची भेट संक्रांतीनंतरची. मी तिळगूळ घेऊन गेलो होतो. ती फार वाळली होती, रंग उन्हाने करपलेला, आणि प्लेट उचलताना एक हात कमरेवर जायचा. दाजी लिंबाखाली ट्रॉलीच्या दारात लेकरांना गोष्ट सांगत बसलेले, गाल भरलेले. मला राग आला. कुणाचा ते कळेना. म्हटलं, दुसरी प्लेट देतो, एक सकाळच्या तोंडाला, एक संध्याकाळच्या, मग फिरवायचं कामच नाही. ती म्हणाली, "मग दिसभर करू काय? रिकामी बसलेली बाई मुकादमाला लगेच दिसती बाळू. ह्या प्लेटीमागं हिंडले तर आजारी माणसाचं करतीय असं वाटतं." मी म्हटलं, आक्का, आता तरी सांगून टाक त्यांना, किती दिवस हे ओढणार? ती प्लेटीची कड पदराने पुसत राहिली. मला अंधार पडायच्या आत परतायचं होतं. चहासुद्धा अर्धाच घेतला मी. त्या अर्ध्या चहाने मला फार छळलंय.

तिला गावी आणलं, तेरावा झाला, पाहुणे पांगले. मला एकच काळजी लागून राहिली. दाजींना वाटलं आपण धडधाकट आहोत, तर दिवाळीला ते कोयता घेऊन निघणार. थांबवणारी गेली. मग आक्काने ज्यासाठी एवढं केलं ते सगळं पाण्यात. म्हणून मागच्या आठवड्यात मी सलाईनच्या कुप्यांचा खोका घेऊन त्यांच्या गावी गेलो, आक्काचं खोटं पुढे चालवायला. खरं सांगतो, मी थकलो होतो. दुःख करायचंही त्राण नव्हतं, तिथे नाटक कुठून करणार.

दाजी ओसरीत एकटेच. मशीन फळीवर, धुऊन पालथं घातलेलं. मी खोका ठेवला आणि खाली बघत म्हणालो, "दाजी, वाफ बंद करू नका. डॉक्टरांनी औषध चालूच ठेवायला सांगितलंय."

दाजींनी एक कुपी उचलून उजेडात धरली. म्हणाले, "बाळू, औषध कडू लागायचं. घशात घंटाभर ऱ्हायचं. दोन सीझन झाले, नुसतं खारं लागायलंय."

मी खोका माझ्याकडे ओढला.

"पयल्याच दिवशी कळलं मला. म्हणलं, आपण बोललो तर मुकादम दोघांच्याबी हातात कोयता देतो. माझं काय, मी तोडला असता. पर फळी चढताना तिच्या गुडघ्याचा आवाज यायचा, खाली हुभा ऱ्हाऊन ऐकलेला हाय मी. मग घेतली खारी वाफ. खोकलोबी मधून मधून. म्हणलं, आपण आजारी हाव तवर हिला बसाय मिळंल."

मग मीही सांगून टाकलं. तिला कशाची भीती होती, डॉक्टर काय म्हणाले, कुप्या कोण आणायचं, सगळं. दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "बसाय मिळंल म्हणलं मी… बसली कुठं ती बाळू. दिसभर त्या प्लेटीमागं उनात हिंडली. मी बघत होतो सावलीतून."

मी म्हटलं, दाजी, ऊसतोडीला जाऊ नका. ते म्हणाले, "कोणासंगं जाऊ?" एकट्याचा कोयता होत नाही, हे मी विसरलोच होतो. आता त्यांना जायला कुणी सांगणार नाही आणि अडवायचीही गरज नाही.

अंगणातलं ऊन उंबऱ्यापाशी आलं होतं. दाजींनी तिकडे बघितलं आणि म्हणाले, "चार वाजले. लाव मशीन."

"आता कशाला दाजी? आता तर दोघांनाही माहीत आहे."

"म्हाईत हाय. पर येळ तिची हाय ना."

मी कुपीचं तोंड मोडलं, पाणी वाटीत ओतलं आणि बटण दाबलं. दाजींनी मास्क लावला, डोळे मिटले. वाफ संपायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.